हाकेला ओ

शेवंताची निशा जन्मापासून बहिरी. मूकबधिर शाळेत प्रवेशासाठी दाखला हवा, म्हणून शेवंता तिला तालुक्याच्या तपासणी शिबिरात घेऊन आली. निशाला बाकावर बसवून ती झेरॉक्स काढायला गेली. परतली, तर टेबलामागचे डॉक्टरसाहेब गुरकावले, "तीनदा नाव पुकारलं. गैरहजर लिहिलंय. आता पुढच्या वर्षी ये."

"अहो साहेब, ही तुमच्या समोरच बसलीय की!"

"बसू दे! हाकेला ओ नाही, म्हणजे हजेरी नाही. नियम आहे."

"तीन हाका मारल्यात आणि पोरीनं मानसुद्धा वळवली नाही," शेवंता म्हणाली. "मग साहेब, तपासणी तर तुम्हीच करून टाकलीत. आता तेवढं कागदावर लिहा."

सगळी रांग खदखदून हसली. साहेबांनी 'गैरहजर' खोडलं, निशाला रीतसर तपासलं आणि दाखल्यावर सही केली.