आडवखिंडीचे कोरडे टाके

आडवखिंडीच्या माथ्यावर आलात की उजव्या हाताला कातळात कोरलेले एक मोठे टाके लागते. भर श्रावणातसुद्धा त्यात पाणी ठरत नाही. आत डोकावले तर तळ एकसारखा दिसत नाही. पूर्वेकडचा भाग खोल, पश्चिमेकडचा त्याहून खोल, आणि पूर्वेच्याच कोपऱ्यात पुन्हा एक खड्डा, सगळ्यांत खाली गेलेला. पाहायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारते, की एवढे खोल खणूनही यात पाणी कसे नाही. खणले म्हणूनच नाही, असे वरच्या मांडवखेडचे म्हातारे सांगतात, आणि मग सांगायला बसतात.

फार पूर्वी या खिंडीच्या दोन अंगांना दोन लहान राज्ये होती. घाटावर मांडवखेडचे राज्य, खाली कोकणात शिरवंड्याचे. खालून मीठ आणि सुकी मासळी वर यायची, वरून ज्वारी आणि गूळ खाली जायचा. माल वाहायचे लमाणांचे तांडे. घाट चढायला सकाळपासून दुपार व्हायची आणि त्या सगळ्या वाटेत पाणी एवढ्या एकाच ठिकाणी. म्हणून होळी झाली की दोन्ही राज्यांची माणसे एकत्र येऊन टाक्यातला गाळ काढत. तांडा टाक्याजवळ उतरला की दोन्हीकडचे दुकानदार तिथेच पाल ठोकत. दोन्ही घरी चुली पेटत होत्या, असे म्हणतात.

मग मांडवखेडच्या कारभाऱ्याच्या डोक्यात एक हिशेब शिरला. तांडा पाण्याकडे उतरतो, आणि तांडा उतरतो तिथे पेठ भरते. टाक्याची आपल्याकडची बाजू हातभर खोल केली, तर उन्हाळ्यात उरलेसुरले पाणी आपल्या काठाला येईल, तांडेही आपल्याच काठाला उतरतील. त्याने सटवाजी पाथरवटाला बोलावले. सटवाजीचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या हे टाके राखत आलेले. त्याने हातभर खोदले. त्या वर्षी पेठ खरोखरच वरच्यांकडे भरली. खालचे राजे गप्प बसणारे नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या देवजी पाथरवटाला दीड हात खोदायला लावले.

गंमत अशी, की सटवाजी आणि देवजी एकमेकांचे व्याही. सटवाजीची एकुलती एक लेक भिवरा देवजीच्या घरी दिलेली. दोघे एकाच टाक्यात, एकमेकांकडे पाठ करून, आपापल्या राजासाठी घण मारत. दुपारी मात्र एकाच सावलीत बसून एकमेकांच्या भाकरीचा तुकडा मोडत, एकमेकांच्या छिन्न्यांना धार लावून देत. भिवराचे बरे आहे ना, हा सटवाजीचा रोजचा प्रश्न, आणि देवजीचे रोजचे एकच उत्तर, की घरात तिच्याशिवाय पान हलत नाही. असे आठ उन्हाळे गेले.

नवव्या वर्षी माघात सटवाजीचा घण एका जागी पडला आणि त्याचे हात थांबले. कातळाचा आवाज बदलला होता. पाथरवटाच्या पोराला रांगताना कळते, की भरीव दगड कसा बोलतो आणि पोकळ कसा. त्याने जाऊन कारभाऱ्याला सांगितले, की तळाखाली पोकळी आहे, आता एक वीतही खणू नये. कारभारी हसला. देवजीही हेच म्हणतो, असा कालच शिरवंड्याहून निरोप आला होता म्हणे. दोघे व्याही एका सुरात बोलताय, म्हणजे सोयरिकीत ठरलेले दिसते, असे तो म्हणाला, आणि खणायचे नसेल तर घर रिकामे करायला सांगितले.

इथे सटवाजी चुकला. त्याला ठाऊक होते आणि तरी त्याने घण उचलला. तिसऱ्या दिवशी पूर्वेच्या कोपऱ्यात तळ फुटला. टाक्यातले सगळे पाणी गुरगुरत डोंगराच्या पोटात गेले, ते कुठे निघाले ते आजवर कुणाला कळले नाही.

आता ऐकण्यासारखे पुढे आहे. नऊ वर्षे ज्या दोन दरबारांचे कशावरच जमले नव्हते, त्यांचे दोन दिवसांत जमले. टाके फुटल्याची बातमी लमाणांना लागली तर ते उत्तरेकडच्या घाटाने जातील आणि दोन्ही पेठा बसतील, हे दोघांनाही सारखेच दिसत होते. तेव्हा ठरले असे, की कुणी बोलायचे नाही. एक दिवस वरच्यांनी रेड्यांवर पखाली लादून पाणी न्यायचे आणि टाक्याच्या काठावरचे रांजण भरायचे, एक दिवस खालच्यांनी. ज्यांना खरे ठाऊक होते त्यांच्याकडून बेलभंडारा उचलवून शपथा घेतल्या. सटवाजीला गाव सोडायची बंदी झाली.

महिनाभर पाळी नीट चालली. मग चैत्राचे ऊन तापले, रेडे दमायला लागले, आणि दोन्हीकडच्या कारभाऱ्यांना एकाच वेळी एकच शहाणपण सुचले. आपण आज चार पखाली कमी धाडल्या तर काय बिघडते, काल त्यांनी भरलेच असेल, उद्या ते भरतीलच. चार कमीच्या आठ कमी झाल्या. मग एके दिवशी कुणीच गेले नाही.

भिवराला पहिलेच दिवस होते आणि सातवा महिना सरत आला होता. ती चैत्रात माहेरी येणार, हे सटवाजीला माहीत होते. घरात त्याची बायको डिंक, खोबरे जमवत होती आणि तो गप्प होता. एक मीठवाला रोज खाली-वर करायचा. त्याच्या हाती एवढाच निरोप द्यायचा होता, की येताना पाणी भरून घेऊन ये. त्यात शपथ मोडतही नव्हती. दोनदा तो मीठवाल्यापाशी जाऊन उभा राहिला आणि मिठाचा भाव विचारून परत आला. निरोपावरून कुणी अर्थ काढला तर, ही त्याची भीती. पखाली जातात, रांजण भरलेले असतात, असे तो स्वतःला सांगत राहिला. तिकडे देवजीने सुनेला धाडायला मुद्दाम वरच्यांच्या पाळीचा दिवस निवडला. आपल्या लोकांवर त्याचा भरवसा उरला नव्हता.

भिवरा आणि तिची सासू कासाबाई झुंजूमुंजूला निघाल्या. बरोबर एक चंबू पाणी होते. अर्ध्या चढावर भिवराला घेरी आली, तेव्हा कासाबाईने ते सगळे तिला पाजले. पुढे टाके होतेच. देवजीने घरी बायकोलासुद्धा काही सांगितले नव्हते.

भर दुपारी दोघी माथ्यावर पोचल्या. रांजण पालथे पडलेले होते आणि टाक्याच्या तळाला भेगा होत्या. तिथेच भिवराच्या पोटात कळा सुरू झाल्या. कासाबाईने तिला टाक्याच्या भिंतीच्या सावलीत बसवले आणि मांडवखेडच्या दिशेने उघड्या माळावरून धावत सुटली. गाव दोन कोस होते आणि ती म्हातारी होती.

सटवाजी घागर खांद्यावर घेऊन पोचला तेव्हा भिवरा सावलीत नव्हती. ओल शोधत ती टाक्यात खाली खाली उतरली होती, पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत. त्या खड्ड्यात सगळ्यांत खाली ती पडली होती. बोटे कातळाला खरवडून सोलली होती. मूल जन्मले होते की नाही, हे कुणी सांगत नाही, आणि विचारूही नये.

कासाबाई मागून आली. तिने सुनेकडे पाहिले, मग व्याह्याकडे.

“तुमास्नी ठावं व्हतं?” तिने विचारले.

“व्हतं,” सटवाजी म्हणाला.

“आन्‌ माझ्या घरच्यास्नी?”

“त्येलाबी.”

 कासाबाईने घागरीतले पाणी घेऊन सुनेचे तोंड पुसले आणि उरलेले ओतून दिले. सटवाजीला तिने त्यातले प्यायला दिले नाही, आणि त्यानेही मागितले नाही.

मग तो कड्याच्या टोकाशी गेला आणि खालच्या घाटाकडे तोंड करून ओरडला, की टाक्यात पाणी नाही. त्याने गावबंदी मोडली म्हणून मागोमाग आलेले पहारेकरी भाले घेऊन धावले, पण खड्ड्यात पाहिल्यावर तेही बाजूला झाले. दिवस मावळेपर्यंत तो ओरडत होता. घसा फुटला, रक्त आले, तरी ओठ तेच बोलत राहिले. अर्ध्या घाटात एक तांडा चढत होता. नायकाने ऐकले आणि बैल वळवले. त्यानंतर एकही तांडा या खिंडीने आला नाही. दोन्ही पेठा त्याच वर्षी बसल्या, आणि दोन्ही राज्ये पुढे कुणाच्या पोटात गेली, ते नीट सांगणारेही आता राहिले नाहीत. सटवाजीच्या तोंडून त्या दिवसानंतर आवाज फुटला नाही, असे सांगतात. खाली देवजीने जन्मात पुन्हा घण धरला नाही.

आता घाटातून डांबरी रस्ता गेला आहे, माथ्यावर नळ आहे, चहाच्या टपरीवर बाटलीतले पाणी मिळते. तरी आजही चैत्रात, भिवराच्या दिवशी, मांडवखेडचा एक बाप्या कड्यावर उभा राहतो. त्याला पोटची लेक असली पाहिजे, एवढीच अट. सकाळपासून त्याने पाण्याचा थेंब घेतलेला नसतो. तो खाली हाक देतो, “पानी न्हाई वो, टाक्यात पानी न्हाई.” खाली शिरवंड्याच्या बाया वाटेवर थांबलेल्या असतात. त्यांच्यातली एक म्हातारी ओरडून सांगते, की ऐकलं. ते उत्तर वर पोचल्याशिवाय हाक देणाऱ्याने पाणी प्यायचे नाही, असा नेम आहे.

मागे एका वर्षी वारा उलटा होता. खालच्या बायांनी हाक पहिल्याच वेळी ऐकली होती आणि उत्तरही दिले होते, पण ते वर पोचेना. त्या वर्षी हाक द्यायला गावचा सरपंच उभा होता. लोकांनी त्याला मोबाइल काढून दिला, की खाली फोन लाव आणि मोकळा हो. त्याने तो घेतला नाही. त्याची लेक शिरवंड्यात दिलेली होती. ऊन कलेपर्यंत तो हाका देत राहिला.