पिठातून उमललेलं फूल

फार पूर्वी, दूर पूर्वेच्या समुद्रात ऱ्युक्यू नावाचं बेटांचं एक राज्य होतं. तिथल्या राजवाड्यात कामादो नावाची बाई मिठाई करायची. पीठ, साखर आणि अंड्याचा पिवळा बलक मळून ती जाडसर पोळी लाटायची, सुरीनं चिरा द्यायची, हलकेच दुमडायची, आणि भट्टीतून फुलांचे घोस बाहेर यायचे. त्या बिस्किटांना तिथं हानाबोरू म्हणत. पाहुणे ती खायची सोडून बघतच राहायचे.

पण चिरा द्यायची वेळ आली की कामादो दार लावून घेई. हाताखाली काम करणाऱ्या स्वतःच्या सुनेलाही बाहेर पाठवी. म्हणे, "ही कला एकाच हातात आहे, म्हणून तर तिला मोल आहे!"

एके वर्षी परदेशचे दूत जहाजानं यायचे होते. आदल्या दिवशी संत्र्याच्या साली मुरवण्यासाठी उकळत ठेवलेली पाकाची कढई कलंडली आणि कामादोचा उजवा हात भाजला. बोटं मिटेनात.

राणी स्वतः स्वयंपाकघरात आली. "राहू दे, कामादो. दुसरं काही गोड करू. तुझ्यासारखं कुणालाच जमायचं नाही."

हेच ऐकायला कामादो जन्मभर आसुसली होती. आज मात्र ती आपल्या भाजलेल्या हाताकडे बघत राहिली. हात बरा झालाच नाही तर? ही फुलं पुन्हा कधी होणारच नाहीत?

तिनं सुनेला हाक मारली. "सुरी घे. आणि दार उघडंच राहू दे."

"आई, चुकलं तर?"

"चुकू दे. पीठ पुष्कळ आहे."

पहिलं फूल फाटलं. दुसरं वाकडं झालं. मग सुनेच्या बोटांना अंदाज आला. कामादो श्वास रोखून बघू लागली. पिवळ्या पोळीतून एक पाकळी उठली, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता वेलीवर झुलावा तसा अख्खा घोस! आजवर कामादोनं हजारो फुलं केली होती. पण तिची नजर सदा सुरीच्या टोकावर. फूल उमलताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"इतकं सुंदर असतं हे?" ती पुटपुटली. तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या दूतानं ताटातलं फूल उचललं आणि आधी त्याचा वास घेतला. सगळा दरबार हसला, तोही हसला.

कामादोची बोटं पुन्हा कधी नीट वळली नाहीत. पण तिच्या भट्टीभोवती शिकणाऱ्या बायकांची दाटी होऊ लागली. कुणीही सुरी चालवली की ती पुढं सरकून म्हणे, "जरा हळू गं, मला बघू दे."

तात्पर्य: मुठीत झाकलेली कला मुठीबरोबरच संपते; दुसऱ्याच्या हाती दिली तर आपल्यालाही ती नव्यानं दिसते.