पालुकलीला झोप येईना

एक होतं घड्याळ. ते होतं आमच्या भिंतीवर. घड्याळाच्या मागे राहायची एक पाल. पाल कसली, पालीचं पिल्लूच. तुझ्या करंगळीएवढं. तिचं नाव पालुकली.

त्या घरात राहायची कुंदा. कुंदा म्हणजे माझी मोठी बहीण. ती होती दुसरीत आणि मी होतो तुझ्याएवढा. म्हणून तर मला सगळं माहीत आहे.

रोज सात वाजले की कुंदा हातपाय धुवायची. मांडी घालून बसायची. डुलत डुलत पाढे म्हणायची. त्याला म्हणायचे परवचा. तेव्हा तो घरोघरी चालायचा. आमच्या घरात बे एके बे, शेजारी पाच एके पाच. फार गोड वाटायचं ते. आता कुठे ऐकू येत नाही.

पाढे ऐकत ऐकत पालुकली झोपायची. बे दाहे वीस आलं की डाराडूर. दुसरी अंगाई तिला ठाऊकच नव्हती.

एक दिवस काय झालं? सात वाजले. टण टण टण. पण पाढे नाहीत. साडेसात वाजले. तरी पाढे नाहीत. पालुकली या कुशीवरून त्या कुशीवर वळली. पण झोप काही येईना.

सुरसुर सुरसुर, पालुकली निघाली. कुंदा बसली होती दारात. गाल फुगवून.

"चुक चुक. कुंदाताई, कुंदाताई, पाढे म्हणतेस का? मला झोप येईना."

कुंदा म्हणाली, "मी नाही म्हणत. आधी शुद्धलेखन, मग पाढे. दहा ओळी राहिल्यात. पण पेन्सिल लिहीना. जा, तिला सांग."

आणि दुपारभर काय केलं बाईसाहेबांनी? लगोरी खेळल्या. सागरगोटे खेळल्या. ते मात्र सांगितलं नाही.

सुरसुर सुरसुर, पालुकली गेली पेन्सिलीकडे.

"चुक चुक. पेन्सिली, पेन्सिली, लिहितेस का? कुंदा पाढे म्हणेना, मला झोप येईना."

पेन्सिल म्हणाली, "मी नाही लिहीत. माझं टोक मोडलंय. शार्पनर टोक करीना. जा, त्याला सांग."

शार्पनर होता दप्तरात. अगदी तळाशी. सुरसुर सुरसुर, पालुकलीने दप्तराला कान लावला.

"चुक चुक. शार्पनरा, शार्पनरा, टोक करतोस का? पेन्सिल लिहीना, कुंदा पाढे म्हणेना, मला झोप येईना."

आतून शार्पनर म्हणाला, "मी नाही करत. मी पडलोय अंधारात. दप्तर उघडेना. जा, त्याला सांग."

"चुक चुक. दप्तरा, दप्तरा, उघडतंस का? शार्पनर टोक करीना, पेन्सिल लिहीना, कुंदा पाढे म्हणेना, मला झोप येईना."

दप्तर म्हणालं, "मी नाही उघडत. माझ्यावर मांजर झोपलंय. भुरी उठेना. जा, तिला सांग."

बाप रे, भुरी मांजर. पालुकली भिंतीवर उंच चढली. सुरसुर सुरसुर सुरसुर. भुरीशी बोलायचं ते उंचावरूनच.

"चुक चुक. भुरी, भुरी, उठतेस का? दप्तर उघडेना, शार्पनर टोक करीना, पेन्सिल लिहीना, कुंदा पाढे म्हणेना, मला झोप येईना."

भुरीने एक डोळा उघडला. भुरी म्हणाली, "मी नाही उठत. मला हवं ऊन ऊन दूध. दूध तापेना. जा, त्याला सांग." आणि डोळा मिटला.

सुरसुर सुरसुर, पालुकली गेली स्वयंपाकघरात. दूध होतं पातेल्यात.

"चुक चुक. दुधा, दुधा, तापतंस का? भुरी उठेना, दप्तर उघडेना, शार्पनर टोक करीना, पेन्सिल लिहीना, कुंदा पाढे म्हणेना, मला झोप येईना."

दूध म्हणालं, "मी नाही तापत. स्टोव्ह पेटेना. जा, त्याला सांग."

"चुक चुक. स्टोव्हा, स्टोव्हा, पेटतोस का? दूध तापेना, भुरी उठेना, दप्तर उघडेना, शार्पनर टोक करीना, पेन्सिल लिहीना, कुंदा पाढे म्हणेना, मला झोप येईना."

स्टोव्ह म्हणाला, "मी नाही पेटत. आई काडी ओढीना. जा, तिला सांग."

आई बसली होती तांदूळ निवडत. मी तिच्या पाठीला टेकलो होतो. आईचं तोंड फुगलं होतं एवढं मोठं.

"चुक चुक. आई, आई, काडी ओढतेस का? स्टोव्ह पेटेना, दूध तापेना, भुरी उठेना, दप्तर उघडेना, शार्पनर टोक करीना, पेन्सिल लिहीना, कुंदा पाढे म्हणेना, मला झोप येईना."

आई म्हणाली, "मी नाही ओढत. पाच वाजता म्हटलं, कुंदे, बस. सहा वाजता म्हटलं, कुंदे, बस. ती अभ्यासाला बसेल, तेव्हाच मी काडी ओढेन. जा, तिला सांग."

घ्या. म्हणजे परत कुंदाच.

पालुकलीचे पाय दमले होते. डोळे दमले होते. तिला रडू आलं. एवढी मोठी साखळी आता परत कोण म्हणणार? तोंडातून फक्त एवढंच आलं.

"चुक चुक."

आईचा हात थांबला. तिने वर पाहिलं. "काय गं? माझं चुकलं म्हणतेस?"

पालुकली बिचारी काय सांगणार? "चुक चुक."

आईने दाराकडे पाहिलं. कुंदा मोडकी पेन्सिल धरून बसली होती. डोळे भरून आले होते.

आई म्हणाली, "चुकलंच बाई. नुसतं बस बस म्हटलं. टोक आहे का, शार्पनर कुठे, ते विचारलंच नाही." ती उठली आणि काडेपेटी घेतली.

मग काय?

आईने काडी ओढली. चर्र.
स्टोव्ह पेटला. भर्रर.
दूध तापलं. बुड बुड बुड.
भुरी उठली. म्यांव.
दप्तर उघडलं. खटक.
शार्पनरने टोक केलं. कुर्र कुर्र.
पेन्सिल लिहू लागली. खस खस खस.

आई कुंदाजवळ बसली. मला मांडीवर घेतलं. एक ओळ झाली, दोन ओळी झाल्या, दहा ओळी झाल्या. कुंदाने वही मिटली. आणि डुलायला लागली.

बे एके बे.
बे दुणे चार.
पालुकली घड्याळामागे शिरली.
बे त्रिक सहा.
बे चोक आठ.
पालुकलीने पाय पोटाशी घेतले.
बे पंचे दहा.
बे सक बारा.
बे साती चौदा.
पालीला पापण्या नसतात बरं का. झोपली तरी डोळे उघडेच. पण शेपटीवरून कळतं.
बे आठी सोळा.
शेपटी जरा हलली.
बे नवे अठरा.
शेपटी अगदी जराशी हलली.
बे दाहे वीस.
शेपटी थांबली.

कुंदा पुढे म्हणत राहिली. तीन एके तीन, तीन दुणे सहा. पण तीनचा पाढा पालुकलीने कधी ऐकलाच नाही. तिथपर्यंत ती कधी जागीच राहिली नाही.

आणि मी? मी आईच्या मांडीवर, पालुकलीच्या बरोबरच झोपायचो. म्हणून माझाही तीनचा पाढा अजून कच्चा आहे.