नदीपलीकडची वस्ती

कनकगडच्या राजाने फर्मान काढले की आंधळ्या, लंगड्या, बहिऱ्या माणसांनी गाव सोडून नदीपलीकडच्या नव्या वस्तीत राहावे. वस्तीचा नकाशा काढायचे काम एका पायाने अधू असलेल्या भिवजी गवंड्यावर आले. उलट बोलणाऱ्याचा कडेलोट ठरलेला होता. भिवजीची आंधळी बायको तान्ह्या मुलीला उराशी धरून विचारत राहिली, "हिला माझ्याजवळ ठेवतील ना?" मुलगी डोळस होती. भिवजी कागद पसरून नकाशा काढायला बसला.

आठव्या दिवशी त्याने दरबारात नकाशा उलगडला. लहान लहान घरांच्या मधोमध एक मोठा वाडा काढलेला होता.

"हा कुणाचा?" राजाने विचारले.

"आपला, सरकार."

पहारेकऱ्यांनी भाले सरसावले. तरी भिवजी बोलला, "देव आपल्याला शंभर वर्षे आयुष्य देवो. पण त्या वयात नजर जाते, गुडघे जातात. मग आपलाच हुकूम मोडून आपण गावात कसे राहणार?"

राजाने नकाशा बराच वेळ न्याहाळला आणि गुंडाळून बाजूला ठेवला.

"गावातच राहायचे, तर तुम्हाला काय लागेल?"

"चावडीच्या पायऱ्यांशेजारी उतार आणि विहिरीला कठडा," भिवजी हळूच म्हणाला. "दोन्ही मी उद्याच बांधायला घेतो, सरकार."