दोमितिलाचा पहिला तामाल

ऐका मंडळी, फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मेक्सिकोच्या डोंगरात तेकोल्का नावाचं गाव आहे. तिथं दोमितिला नावाची सुईण राहायची. अर्धंअधिक गाव तिच्याच हातांवर जन्मलेलं, त्यामुळे सगळे तिला आईच म्हणत.

तिथली रीत अशी की जानेवारीत तीन राजांच्या सणाला सगळ्यांनी मिळून एक भलामोठा गोड पाव कापायचा. पावात घेवड्याचा एकच दाणा लपवलेला. तो ज्याच्या दाताखाली येईल, त्यानं फेब्रुवारीत मेणबत्त्यांच्या सणाला अख्ख्या गावाला तामाल खाऊ घालायचे. तामाल म्हणजे मक्याच्या पिठाचा उंडा, कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवलेला. गाव एकत्र जेवलं की बियाण्याला आशीर्वाद मिळे, आणि मगच पेरणी.

एका वर्षी पावसानं दगा दिला. कणग्या रिकाम्या पडल्या. पाव कापला, सगळे मान खाली घालून चावत राहिले, पण दाणा कुणालाच मिळेना. आता गावजेवण कुठलं आणि पेरणी कुठली!

दोमितिलानं मात्र एवारिस्तो लोहाराचे लाल झालेले कान पाहिले. काही लपवलं की त्याचे कान लहानपणापासून असेच व्हायचे. त्याच्या घरी पाच लेकरं, तीही अर्धपोटी. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मला आलाय दाणा."

तिच्याकडे उरला होता फक्त बियाण्याचा मका. सणाच्या दिवशी तिनं तोच दळला आणि हंडा चुलीवर चढवला. दुपार कलली तरी तामाल कच्चेच. त्या मुलखात म्हणतात, घरात कुणाच्या मनात राग असला तर तामाल शिजत नाहीत. दोमितिलाला ते लागलं, कारण दळताना ती एवारिस्तोच्या नावानं बोटं मोडत होती.

तेवढ्यात तोच दारात आला. त्यानं तिच्या हातावर घेवड्याचा दाणा ठेवला.

"आई, हा माझ्या तोंडात होता. मी भ्यालो."

"ठाऊक होतं मला. दाणा लपवलास म्हणून नाही रे, मला एकटीला दळायला लावलंस म्हणून राग आला होता. आता आलास ना, मग चुलीत लाकूड घाल."

त्यानं लाकूड घातलं आणि हंड्यातून घमघमाट सुटला. असं म्हणतात, सारं गाव पोटभर जेवलं, शेजारच्या वाडीवरचे आले तेही जेवले, पण हंडा काही रिकामा होईना. शेवटचा माणूस उठल्यावर दोमितिलानं तळाला हात घातला, तर तिथं पसाभर कोरडं बियाणं. ते तिनं गावभर वाटलं आणि सगळ्यांची शेतं त्यातच पेरून झाली, असंही म्हणतात. खरं-खोटं डोंगराला ठाऊक, पण त्या वर्षी तेकोल्कात कुणी उपाशी राहिलं नाही.

दोमितिलाला जाऊन कितीतरी पिढ्या लोटल्या. तेकोल्का तिचे उपकार विसरलेलं नाही. आजही मेणबत्त्यांच्या सणाला हंडा उघडला की पहिला तामाल घरात कुणी खात नाही. ज्याच्याशी वर्षभरात भांडण झालं असेल, त्याच्या दारी तो गरमगरम घेऊन जायचा. माफीबिफी मागायची नाही, एवढंच म्हणायचं, "दोमितिलानं पाठवलाय." आणि तिचं नाव घेतल्यावर तेकोल्कात कुणी दार लावून घेत नाही.