करवंदीच्या जाळीत

“मग माझं चुकलं कुठं, काकी?”

दत्ताराम देवराईच्या दगडी गडग्यावर बसून विचारत होता. शेजारच्या बोडक्या टेकडीवर त्यानं तीन वर्षं हाडाची काडं केली होती. चारशे रोपं लावली. कावडीनं पाणी घातलं. रोपांना ऊन मिळावं म्हणून करवंदीच्या जाळ्या मुळासकट खणून काढल्या. तालुक्याला सत्कारही झाला. शाल त्याला मिळाली, रोपं बकऱ्यांना.

देवराईची राखण येसूकाकी गुरविणीकडे. आता तिचे गुडघे चालेनात, म्हणून ती नवा राखणदार नेमणार होती. दत्ताराम लहानपणापासून तिच्या मागं मागं हिंडलेला. त्याला ही राखण जिवापाड हवी होती, आणि टेकडीनं ऐन वेळी नाक कापलं होतं.

काकीनं आधी गुडघे चोळले.

मग उठली. बत्तीस वर्षांच्या या बाप्याचा कान धरला आणि त्याला गडग्याच्या पलीकडं नेलं. तिथं तीन वर्षांमागं तिनं सीमेचे दगड दहा पावलं बाहेर सरकवले होते. बाकी काही केलं नव्हतं. दगडांच्या आत कुऱ्हाड नाही, गुरं नाहीत, ही गावाची आण.

आत करवंदीचं नुसतं रान माजलं होतं. दत्तारामनं नाक मुरडत जाळी बाजूला केली.

काट्यांच्या पोटात जांभूळ होतं. बेहडा होता. आणि जिच्या रोपासाठी तो दोन तालुके पालथे घालून आला होता ती सुरंगी, गुडघाभर, तजेलदार.

“ही कुणी लावली?”

काकीनं दगडावरची उदमांजराची विष्ठा दाखवली. तीत बियाच बिया.

“यानं. सत्कार नाही झाला बिचाऱ्याचा.”

दत्ताराम मटकन खाली बसला.

“म्हणजे मी नालायक.”

“नाही रे राजा. तू फार कष्टाळू. रान तुला भितं.”

त्याला हसू आलं, आणि डोळेही भरले. काकीनं पदरानं ते पुसले, जरा जोरातच.

मग तिनं वाकून सीमेचा एक दगड उचलला आणि त्याच्या हातात दिला. हा दगड राखणदाराशिवाय कुणी हलवायचा नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. दत्तारामनं तो छातीशी धरला.

“दहा पावलं पुढं ठेव.”

त्यानं मोजून ठेवला. मागं वळून आतुरतेनं विचारलं, “आणि आता काय करू, काकी?”

काकी कंबर धरून हळूहळू सरळ झाली…

“आता हात धू, आणि घरी जा.”