वेळूबंदराचे दोन बांबू

समुद्रातही वाटा असतात हे राजेलोकांना अजून ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका खाडीच्या तोंडावर एक छोटंसं बंदर होतं. त्याचं नाव वेळूबंदर.

खाडीच्या तोंडाशी वाळू भारी लबाड. आज इथे, तर उद्या तिथे. म्हणून रोज ओहोटीला एक म्हातारी होडीतून निघायची, दोरीला बांधलेला दगड पाण्यात सोडून खोली बघायची आणि खोल पाण्याच्या कडेने अकरा बांबू रोवून यायची. प्रत्येक बांबूला लाल फडकं. बांबू उजव्या हाताला ठेवायचे आणि आत यायचं, बस्स. गलबत कुणाचं, कुठलं, हे तिने कधी विचारलं नाही. सगळं गाव तिला आये म्हणायचं.

त्या अकरा बांबूंच्या जिवावर बंदर वाढलं. काथ्या, मिरी, खजूर, कापड, सगळं उतरू लागलं. मोठमोठी बंदरं सोडून नाखवे आपली गलबतं इकडे वळवू लागले, कारण इथे कुणाचं गलबत कधी रुतत नव्हतं. मग डोंगरापलीकडच्या राजाला वेळूबंदराची आठवण झाली. इतकी वर्षं झाली नव्हती, ती नेमकी आत्ताच झाली! 'माझं राज्य कबूल करा,' असा त्याचा निरोप आला. बंदराचा मुखिया तरुण होता आणि तापट होता. त्याने उलट निरोप धाडला, 'आमचं राज्य आम्ही करू.' गावाने त्याला डोक्यावर घेतलं.

राजा चिडला. पाच लढाऊ जहाजं उद्याच्या भरतीला येणार, अशी खबर आली.

मुखियाने गाव जमवलं. "दोन बांबू हलवू," तो म्हणाला. "पाचही जहाजं वाळूत जातील."

आयेने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, काढूनच टाक ना सगळे! वाट बंद केलीय, हे जगाला दिसू दे. पण खोटा बांबू रोवू नको."

"काढले तर ते बाहेर उभे राहतील. मला ते बुडायला हवेत, आये."

"मग दुसरं कुणी बघ. माझ्या हातून हे व्हायचं नाही."

गावाला मुखियाचंच पटलं. ऐन लढाईच्या वेळी नको म्हणणारी म्हातारी कुणाला आवडते? पहाटेच्या ओहोटीला मुखिया स्वतः गेला आणि दोन बांबू उथळ वाळूकडे सरकवून आला.

भरती आली. काळी शिडं दिसली. अख्खं गाव किनाऱ्यावर उभं होतं. जहाजं खाडीच्या तोंडाशी आली आणि थांबली. शत्रूने रोवलेल्या बांबूंवर भरवसा ठेवायला राजाचा सरदार काही दूधखुळा नव्हता.

तेवढ्यात दक्षिणेकडून आणखी एक शीड आलं. त्यावरचं ठिगळ मुखियाने लांबूनच ओळखलं. वीस वर्षं वेळूबंदरात येणारा नाखवा! बंदरावर संकट आलंय हे ऐकून तो तांदळाची पोती भरून मदतीला धावला होता. राजाच्या जहाजांना बगल देऊन तो थेट बांबूंच्या वाटेला लागला.

"परत फिर! परत फिर!" मुखिया ओरडत पाण्यात धावला. सगळं गाव ओरडू लागलं, हात हलवू लागलं. नाखव्याला वाटलं, आपलं स्वागत चाललंय. त्याने पागोटं काढून हवेत हलवलं आणि शीड आणखी ताणलं.

गलबत वाळूवर आदळलं. डोलकाठी मोडून पडली आणि पुढच्या लाटेने ते आडवं झालं. मग होड्या धावल्या. बारा माणसं हाती लागली. तेरावा, नाखव्याचा धाकटा भाऊ, लागला नाही.

सरदाराचा माणूस होडीतून थोडा पुढे आला आणि लांबूनच ओरडला, "आम्ही परत चाललो! हे बंदर बुडवायला आता आमची गरज नाही!"

पाचही जहाजं वळली. लढाई न करता जिंकलेलं गाव भूत बघितल्यासारखं उभं राहिलं.

नाखवा ओल्या वाळूत बसला होता. "मुखिया, आयेचा बांबू कधी चुकत नाही," तो म्हणाला. "आज कसा चुकला?"

वाळू सरकली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती रोजच सरकते. गावातलं कुणी तोंड उघडणार नव्हतं. मुखिया नाखव्यासमोर वाळूत बसला.

"चुकला नाही," तो म्हणाला. "मी हलवला."

नाखव्याने शिवी दिली नाही. तो उठला आणि आपली माणसं घेऊन पायवाटेने निघून गेला.

बातमी बंदराबंदरांत पोचली. आयेने बांबू पुन्हा नीट रोवले, पण बघतो कोण? पावसाचा जोर ओसरला, नारळी पौर्णिमा झाली, समुद्र खुला झाला, तरी एक गलबत येईना. तेव्हा मुखियाने आपल्या गलबतात दगड भरले आणि ते लादलेल्या गलबताइतकं जड केलं. रोज भरतीला ते घेऊन तो खाडीच्या तोंडाशी थांबायचा. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायचा, "मी पुढे, तुम्ही मागे. रुतलो तर मी आधी!"

कुणी वळेना. त्याची बायको म्हणाली, "तुमच्या एकट्याच्या जिवाला आता कोण विचारतंय? आम्हीही बसतो." आणि ती दोन पोरींना घेऊन गलबतात बसली.

एके दिवशी तोच नाखवा आला, नव्या गलबतातून. तो थांबला. मुखियाकडे पाहिलं, त्या पोरींकडे पाहिलं.

"मुखिया," तो म्हणाला, "पोरींना किनाऱ्यावर सोड. एक माणूस गेलं तेवढं पुरे. चल, मी येतो मागे."

बायको-पोरींना किनाऱ्यावर सोडून मुखिया पुढे झाला, आणि नाखवा मागोमाग आत आला.

मग इतरही आले. वेळूबंदर मोठं नगर झालं, कुणाच्याही राज्यात नसलेलं. तिथे ज्याला मुखिया व्हायचं असेल त्याने आधी दगड भरलेलं गलबत पुढे न्यायचं, असा नियम झाला. राजाची जहाजं पुन्हा आली, तेव्हा नगराने भर दिवसा अकराही बांबू उपटून ठेवले. जहाजं चार दिवस बाहेर ताटकळली आणि परत गेली. त्या चार दिवसांत बाहेर खोळंबलेला एकही नाखवा दुसऱ्या बंदराकडे वळला नाही.

तात्पर्य: खोटी खूण शत्रूसाठी केली, तरी तिच्यात सापडतो तो आपल्यावर भरवसा ठेवणाराच.